विरोधात एक हात

फोन साचिको-सानचा, आमच्या तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या मेहुणीचा, होता आणि त्यांनी नुसतं नाव घेतलं. "स्ट्रातिस-सान..." पुढे त्यांना बोलता येईना, आणि काय झालं हे विचारायची मलाही गरज उरली नाही. तव्यावरची पोळी करपली तशी मी गॅस बंद केला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. जुलैची सकाळ होती. खाली कचऱ्याची गाडी आली होती आणि कावळ्यांनी फाडू नयेत म्हणून जाळीखाली ठेवलेल्या पिशव्या एकेक करून आत जात होत्या. त्यातली एक त्यांची होती. जळणारा कचरा जळणाऱ्याच्या दिवशी, अगदी नियमाप्रमाणे ठेवून ते घरात गेले, बुटांची नाडी सोडायला खुर्चीत बसले, आणि तिथेच संपले. डॉक्टर हृदय म्हणाले. असेल.

स्ट्रातिस हे नाव वाचकांच्या कानावर असण्याचं काही कारण नाही. अमेरिकेतल्या एका लहानशा राज्याच्या विधानसभेत ते वर्षानुवर्षं निवडून येत होते. वडील ग्रीसच्या कुठल्याशा बेटावरून पोटासाठी आलेले, गिरण्यांच्या गावात खाणावळ चालवायचे, आणि हे त्या खाणावळीत बशा विसळत वाढले. राजकारण सोडल्यावर ते योकोहामात, आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर राहायला आले. आम्ही तेव्हा नुकतेच आलो होतो. सुधीरच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, कंपनीने त्याला तीन वर्षांसाठी म्हणून पाठवलं होतं आणि ती तीन वर्षं अजून संपायची आहेत. जिन्यात पहिल्यांदा भेटलो तेव्हा मी स्ट्रातिसना म्हटलं, विधानसभेच्या सदस्याला आमच्या भाषेत आमदार म्हणतात, आणि आमदार दिसला की लोक अर्ज घेऊन धावतात. "आमच्याकडे रस्ता ओलांडून पलीकडे जातात," ते म्हणाले. त्या दिवसापासून ते माझे आमदारसाहेब झाले आणि मी त्यांची, इथल्या आदरार्थी शेपटासकट, विद्या-सान.

जपानशी त्यांचं नातं जुनं होतं. लढाई संपल्यावर अमेरिकेचं सैन्य इथे आलं, त्यात हे कोवळे शिपाई म्हणून आले. बंदरावरच्या कचेरीत फुमिको नावाची मुलगी टेलिफोन जोडून द्यायची. तिच्याशी लग्न करून तिला गावी नेलं, तर आईने वर्षभर अबोला धरला. गावानेही काही पायघड्या घातल्या नाहीत. नुकतंच ज्यांच्याशी लढलो त्यांचीच मुलगी घरात आणली, म्हटल्यावर कोण घालणार? निवडणुकीला उभे राहिले तेव्हा याच फुमिकोला बरोबर घेऊन ते दारोदार फिरले. काही दारं तोंडावर आपटली. ज्या दारात ती चहा प्यायला थांबली त्या दारातली मतं मात्र कायमची मिळाली, असं ते सांगत. त्यांना मूलबाळ झालं नाही. म्हातारपणी फुमिको-सान आजारी पडल्या आणि त्यांना घरची ओढ लागली, तेव्हा आमदारसाहेबांनी राजीनामा दिला आणि घर बंद केलं. "सगळा जन्म ती माझ्या गावात परकी म्हणून राहिली. आता माझी पाळी," असं ते मला एकदा म्हणाले. त्यात उपकाराचा सूर नव्हता. बसमध्ये जागा द्यावी इतकं ते साधं होतं.

पण ती पाळी सोपी नव्हती. आपल्या गावात ज्या माणसाच्या एका फोनवर पूल दुरुस्त व्हायचे, शाळेची बस पुढच्या वळणापर्यंत यायची, त्या माणसाला इथे दुधाच्या खोक्याची घडी कशी घालायची हे शेजारीण दाखवत होती. मत नाही, भाषा नाही, ओळख नाही. पहिल्या महिन्यात त्यांची कचऱ्याची पिशवी लाल कागद चिकटवून परत आली. कागदावर काय लिहिलंय ते मी शब्दकोश उघडून वाचून दाखवलं तर म्हणाले, "हा आदेश कुठल्या बैठकीत ठरला? त्या बैठकीला मी जाणार."

आणि खरंच गेले! आमच्या इमारतीच्या रहिवासी मंडळाची दर महिन्याला रविवारी सकाळी बैठक असते. परदेशी माणसं तिकडे सहसा फिरकत नाहीत. मी तर लपूनच बसायचे. फुमिको-सान अंथरुणावर, म्हणून आमदारसाहेबांनी मला दुभाषी म्हणून ओढून नेलं आणि घडीच्या खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेत, खिडकीजवळच्या कोपऱ्यात आम्ही बसायला लागलो. तिथे जे चालायचं ते पाहून ते चाटच पडले. अध्यक्ष ओकादा-सान विषय वाचायचे, सगळे मान डोलवायचे, पुढचा विषय. चर्चा नाही, मतदान नाही. मला तोवर सुधीरच्या ऑफिसातल्या गोष्टींवरून एवढं कळलं होतं की इथे बैठकीच्या आधीच एकेकाच्या घरी जाऊन, चहा पिऊन सगळं ठरवून टाकतात. त्याला नेमावाशी म्हणतात. बैठक म्हणजे नुसता शिक्का. ते ऐकून आमदारसाहेब खो खो हसले. "यालाच आम्ही राजकारण म्हणतो, विद्या-सान. पण आम्ही निदान नंतर भांडायचं नाटक तरी करतो."

तिसऱ्या की चौथ्या बैठकीला त्यांनी हात वर केला. विषय होता सायकलींची शेड मागच्या अंगाला हलवण्याचा. सगळ्यांच्या माना डोलून झाल्या होत्या, ओकादा-सान कागद उलटत होते, आणि हा उंच पांढऱ्या केसांचा माणूस हात वर करून उभा. मी घाबरून विचारलं, काय सांगू त्यांना? "सांगा, माझा विरोध आहे." पण का? "मला शेडचं काय कळतंय? पण कुणीच विरोधात बोललं नाही म्हणजे कुणी विचारच केला नाही." आता हे मी माझ्या मोडक्या जपानीत कसं सांगणार, सांगा! "यांचा विरोध आहे. म्हणजे तसा नाही. पण कुणाचा तरी असावा असं यांना वाटतं..." मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. ओकादा-सानचे कान लाल झाले. आणि मग पुढच्या रांगेतल्या एक आजी, ज्यांना मी कधी बोलताना ऐकलं नव्हतं, हळूच म्हणाल्या की शेड तिकडे गेली तर त्यांच्या गॅलरीत गादी वाळवायला ऊन येणार नाही. शेड चार हात अलीकडे बांधली गेली. त्यानंतर ओकादा-सानना एक सवयच लागली. कुठलाही विषय संपवण्याआधी ते थांबायचे, "कुणाची हरकत?" असं विचारायचे आणि शेवटच्या रांगेतल्या कोपऱ्याकडे बघायचे. आमदारसाहेब कधी हात वर करायचे, बहुतेकदा नुसतेच मान हलवून "चालू द्या" म्हणायचे. ओकादा-सान सुटकेचा निःश्वास टाकायचे.

विधानसभेतही ते असंच करायचे. स्वतःला पटलेल्या विधेयकाच्या विरोधात कुणी बोलत नसेल तर स्वतःच उठून विरोधी बाजू मांडायचे आणि मग बाजूने मत द्यायचे. सहकारी त्यांना विक्षिप्त म्हणत. "ज्याच्या विरोधात एक माणूसही उभा राहिला नाही, तो ठराव पास झाला असं मी मानत नाही," ते म्हणायचे. "तो नुसता हातातून सुटतो." मी त्यांना म्हटलं, आमच्याकडे याला खोडसाळपणा म्हणतात. त्यांना ते फार आवडलं.

फुमिको-सान गेल्या त्या हिवाळ्यात मात्र त्यांची थट्टा थांबली. इथल्या रिवाजाप्रमाणे दहन झालं. दहनानंतर घरच्या माणसांनी चॉपस्टिक्सने अस्थी उचलून कलशात ठेवायच्या असतात. एक अस्थी दोघांनी मिळून, दोन्ही बाजूंनी धरून उचलायची, पायांपासून सुरुवात करून डोक्यापर्यंत, म्हणजे माणूस कलशात सरळ बसतो. त्यांच्याबरोबर फुमिकोची धाकटी बहीण, साचिको-सान, उभी होती. आमदारसाहेबांचा हात इतका कापत होता की साचिको-साननी दुसऱ्या हाताने त्यांचं मनगट धरलं आणि सगळ्या अस्थी तशाच उचलल्या. पुढे कलश फुमिको-सानच्या माहेरच्या देवळाच्या आवारातल्या घराण्याच्या दगडाखाली गेला. त्या दगडाखाली सगळ्यांच्या राखेचेच कलश आहेत, दुसऱ्या कशाला तिथे जागाच नाही.

आणि इथेच त्यांचं घोडं अडलं होतं. त्यांच्या आईच्या धर्मात माणसाला जाळत नाहीत. देह मातीचा, तो जसाच्या तसा मातीला परत द्यायचा. ते स्वतः फार देवधर्म करणाऱ्यांतले नव्हते, पण आईच्या तोंडून लहानपणी ऐकलेलं काही केल्या जाईना. मातीत जावं तर फुमिको नाही. फुमिकोकडे जावं तर आगीतून जायचं. आयुष्यभर दोन बाजूंच्या मधली वाट काढणाऱ्या माणसाने मग ती वाट शोधायला सुरुवात केली, आणि मी जिथे तिथे दुभाषी. टेकडीवरच्या परदेशी लोकांच्या जुन्या कबरस्तानात गेलो, तिथल्या गृहस्थांनी नव्या माणसाला जागा नाही म्हणून कमरेत वाकून माफी मागितली. वॉर्ड ऑफिसातल्या मुलीने सांगितलं की कायद्याची आडकाठी नाही, पण जागा कुठे आहे? तीही वाकली. देवळातले भटजी वाकले. शेवटी त्यांच्याच चर्चचे पाद्री म्हणाले की या देशात आता सगळ्यांना जाळतात, आम्हीही आधी प्रार्थना म्हणून घेतो आणि पुढे जाऊ देतो. येताना ट्रेनमध्ये आमदारसाहेब म्हणाले, "माझी बाजू मांडायला आता माझं चर्चही उरलं नाही."

त्याच प्रवासात त्यांनी मला एक जुनी गोष्ट सांगितली. त्यांच्या मतदारसंघात काही भारतीय कुटुंबं येऊन राहिली होती. त्यातले एक आजोबा वारले. तिथल्या नियमाप्रमाणे दहनाआधी ठरावीक काळ थांबावं लागायचं, आणि घरच्यांना तर त्याच दिवशी अग्नी द्यायचा होता. मुलगा रडत आमदारसाहेबांकडे आला. त्या वेळी काही करता आलं नाही, पण पुढच्या अधिवेशनात त्यांनी तो नियम बदलून घेतला. गावातले ग्रीक लोक खवळले. आई तेव्हा होती. तिने विचारलं, तू जाळण्याच्या बाजूने मत दिलंस? "दुसऱ्याच्या अग्नीसाठी मत देणं किती सोपं होतं, विद्या-सान..." आणि मग त्यांनी मला विचारलं, "तुमच्यात जाळतात. मागे राहिलेल्यांना कसं वाटतं?" मी त्यांना बाबांचं सांगितलं. सकाळी बोलत होते, संध्याकाळी नव्हते, तिसऱ्या दिवशी भाऊ अस्थी घेऊन नाशिकला गेला. फार लवकर संपतं, मी म्हटलं. तेच बरं असतं आणि तेच सहन होत नाही. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. खरं तर मी त्यांचं सांत्वन करायला हवं होतं.

मासळीवाल्याकडून आणलेल्या थर्मोकोलच्या खोक्यांत ते तळमजल्याच्या कठड्याबाहेर टोमॅटो लावायचे. त्यांच्या हातचे टोमॅटो आमच्या मुलीला, मुग्धाला, इतके आवडायचे की ती ते चोरून खायची आणि पकडली गेली की जपानीत माफी मागायची. यंदा मे महिन्यात रोपं बांधायला मी काठ्या धरून उभी होते, तेव्हा ते एकदम म्हणाले, "निकाल मला माहीत आहे. फुमिको तिथे आहे, तेव्हा मीही तिथेच जाणार. मतं मोजून झालेली आहेत." मी पुढची काठी रोवली. "पण तुम्ही एक करा. मी गेल्यावर फुमिकोच्या माहेरचे सगळे बसतील, माना डोलवतील. त्याआधी माझ्या आईच्या बाजूने कुणीतरी एकदा बोला. हरलं तरी चालेल. नुसतं सुटायला नको." मी हो म्हटलं. आपण म्हणतो ना हो, अजून खूप वर्षं आहेत असं समजून...

ती वर्षं नव्हती. फोन आला त्याच दुपारी साचिको-सानच्या घरी सगळे जमले. त्यांचे थोरले भाऊ, देवळातले भटजी, काळ्या सुटातला अंत्यविधीवाला. सगळी माणसं चांगली, अगदी मनापासून हळहळणारी. मी आत गेले तेव्हा सगळं ठरलेलं होतं. दिवस, वेळ, फुलं. एकमेकांना फोन करून, दारात उभ्याउभ्याच ठरलं असणार. भटजींनी मान डोलवली, भावांनी डोलवली, आणि हरकत आहे का हे विचारायला तिथे ओकादा-सान नव्हते. मी गुडघ्यावर बसल्या बसल्याच हात वर केला. वेडेपणाच तो, घरच्या बैठकीत कुणी हात वर करतं का! सकाळपासून घोकलेली वाक्यं म्हटली. "स्ट्रातिस-सानच्या आईच्या धर्मात गेलेल्या माणसाला मातीत ठेवतात. त्यांना ते विसरता येत नव्हतं. त्यांच्या आई इथे नाहीत, म्हणून त्यांच्या बाजूने मी बोलते आहे." एवढंच. मग हात खाली घेतला.

सगळ्यांनी माना खाली घातल्या. साचिको-सान पदरात... पदर कुठला, रुमालात तोंड घालून बसल्या. थोरले भाऊ वाकून म्हणाले, "मनापासून ऐकलं. आभारी आहोत." मग अंत्यविधीवाल्याने पुढची वेळ सांगितली आणि चहा आला. हे मला अजून पचत नाही. त्यांनी 'नाही' म्हणायला हवं होतं, 'तुम्ही कोण?' असं तरी विचारायला हवं होतं, मी भांडले असते. ज्या माणसाने हयात वादविवादात घालवली त्याच्या अखेरच्या प्रश्नाला वादसुद्धा मिळाला नाही, नुसते आभार मिळाले. आणि मी तो चहा प्यायले. थंड करायला फुंकर घालून प्यायले. दुसरं काय करणार होते?

पाद्री आले, प्रार्थना झाली, अग्नी झाला. अस्थी उचलताना साचिको-साननी मला बोलावलं. ज्याला आग नको होती त्याची अस्थी मी एका बाजूने धरली, त्यांनी दुसऱ्या. आमच्या रीतीत न बसणारं असं त्यात काही नव्हतं आणि तरी माझे हात आमदारसाहेबांच्या हातांसारखे कापत होते. या वेळी साचिको-सानचेही कापत होते, त्यामुळे मनगट धरायला कुणी नव्हतं.

एकोणपन्नासाव्या दिवशी कलश दगडाखाली ठेवतात. सप्टेंबरचं ऊन होतं. दगड सरकवला, आत फुमिको-सानचा कलश दिसला, शेजारी मोकळी जागा. आमदारसाहेबांचा कलश ठेवण्याआधी साचिको-साननी पिशवीतून चहाचा एक जुना डबा काढला, कलशाचं झाकण उचललं आणि डब्यातली मूठभर माती आत टाकली. काळी, भुसभुशीत, टोमॅटोच्या खोक्यातली. कुणाशी बोलल्या नाहीत, कुणाला विचारलं नाही. झाकण लावून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि डबा पुन्हा पिशवीत ठेवला. म्हणजे त्या दिवशी ऐकलं होतं त्यांनी. मला समाधान वाटलं असं इथे लिहायला हवं, पण ते खरं होणार नाही. मूठभर माती मूठभरच असते. त्यांची आई एवढ्यावर गप्प बसली नसती. मी मात्र तिथे उभी राहून रडले, आणि ट्रेनमध्येही रडले, शेजारच्या माणसाने पेपर आणखी वर धरला.

गेल्या रविवारी मंडळाची बैठक होती. त्यांच्याशिवाय मी पहिल्यांदाच गेले. शेवटच्या रांगेत कोपऱ्यातली खुर्ची नेहमीसारखी मांडलेली होती, मी तिच्या शेजारी बसले. तिसरा विषय तळमजल्याच्या रिकाम्या घराबाहेरची थर्मोकोलची खोकी उचलण्याचा होता. वारा सुटला की उडतात, डास होतात, सगळं खरं होतं. माना डोलल्या. ओकादा-सान कागद उलटणार तेवढ्यात थांबले. "कुणाची हरकत?" त्यांनी विचारलं आणि सवयीने त्या कोपऱ्याकडे बघितलं. खुर्ची रिकामी आहे हे त्यांच्या लक्षात आलं असावं, तरी त्यांनी नजर काढली नाही. सगळेच वळून तिकडे बघत होते.

मी हात वर केला. "माझा विरोध आहे."

ओकादा-साननी कारण विचारलं. मी म्हटलं, दोन झाडांना अजून टोमॅटो आहेत. कुणी हसलं नाही. ओकादा-साननी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि म्हणाले की मग हात मोजावे लागतील. या इमारतीत हात मोजलेले मी पहिल्यांदाच पाहिले. बाजूने सगळे होते, त्या उन्हाच्या आजीसुद्धा. विरोधात मी एकटी. खोकी या सोमवारी जायची आहेत. ठराव पास झाला, आमदारसाहेब. रीतसर पास झाला.